आठ की साठ?

प्रिय पोरी,

कात्रण मिळालं, आणि त्याला उत्तर म्हणून तू लिहिलेली चार पानंही. लेखात हॅम रेडिओला, म्हणजे आपल्या हौशी रेडिओला, ‘अडगळीतला छंद’ म्हटलंय आणि शेजारी हेडफोन लावलेल्या, टक्कल पडलेल्या एका आजोबांचं व्यंगचित्र आहे. पस्तीस वर्षं मी या लहरींवर आहे. म्हातारी झालेय हे खरं, पण आजोबा काही झालेले नाही. एवढी दुरुस्ती तरी त्यांनी छापायला हरकत नाही.

तुझं उत्तर मात्र अजून पाठवू नकोस. राग आला म्हणून नव्हे, राग यायलाच हवा होता. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, ‘सगळं बंद पडतं तेव्हा फक्त हॅमच जग वाचवतात.’ हे वाक्य त्या व्यंगचित्राचं जुळं भावंड आहे. एक आपल्याला अडगळीत टाकतं, दुसरं मखरात बसवतं. आपण प्रत्यक्षात करतो काय, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही. आणि त्या मखराचं लाकूड बऱ्याचदा आपणच पुरवलेलं असतं.

मीही पुरवलंय. एकदा कॅमेरा घेऊन काही मंडळी माझ्या शॅकमध्ये आली होती. रेडिओच्या खोलीला आपण शॅक म्हणतो, हे सांगायचंही मला सुचलं नाही. क्यूआरएम काय, क्यूएसबी काय, सगळी परिभाषा मी त्यांच्यावर ओतली, मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेची, की खडखडवून दाखवली आणि शेवटी ‘आम्ही होतो म्हणून लोक वाचले’ असं एक वाक्य फेकलं. बातमीत आलं ते कीचं कडकट्ट, माझा खुललेला चेहरा आणि मागे गमतीशीर संगीत. आठवडाभर मी धुमसत होते. मग ती बातमी पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं, की त्या बिचाऱ्या पोराला मी दुसरं काही दिलंच नव्हतं.

त्याला सांगण्यासारखं होतं ते वेगळंच, पुराच्या दिवसांतलं. पूर ओसरत होता, फोन दीड दिवस बंद होते आणि आम्ही तिघं तीन ठिकाणी बसून निरोप पोचवत होतो. थरार म्हणशील तर शून्य. ‘अमुक सुखरूप आहे, तमुकच्या घरी आहे’ असलेच बहुतेक निरोप. एक औषधांचा होता, इन्शुलिनच्या कुप्यांचा. मला खरखरीतून ‘साठ’ ऐकू आलं, पलीकडच्यानं म्हटलं होतं ‘आठ’. मी ते तसंच पुढे दिलं असतं, तर दुसऱ्या कुणाच्या वाट्याच्या बावन्न कुप्या आमच्याकडे येऊन पडल्या असत्या. पण आकडा ऐकला की तो एकेक अंक करून परत वाचायचा, ही आमची रीत. मी ‘सहा शून्य’ म्हटलं आणि पलीकडून तडक उत्तर आलं, ‘नाही, शून्य आठ.’ मराठी आकडे तर खरखरीत हमखास दगा देतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर एका दमात म्हणून बघ. म्हणूनच आपण ‘पाच नऊ’ आणि ‘सहा नऊ’ म्हणतो.

ही सवय पूर आल्यावर लागत नाही. दर रविवारच्या त्या कंटाळवाण्या नेटमध्ये, म्हणजे लहरींवर भरणाऱ्या आपल्या बैठकीत, हजेरी आणि हवामानाच्या गप्पांमध्ये, वर्षानुवर्षं ती अंगात मुरते. बाहेरच्याला तो रिकामा वेळ वाटतो. तू उत्तर लिहिणार असशील तर या रिकाम्या वेळाबद्दल लिही.

इटालियन नोबिलेच्या ध्रुवमोहिमेची गोष्ट घेतलीस ते बरं केलंस, पण अर्धीच सांगितलीस. ‘इतालिया’ हे हवाईजहाज उत्तर ध्रुवावरून परतताना २५ मे रोजी बर्फावर कोसळलं. वाचलेल्यांपाशी एक छोटा शॉर्टवेव्ह संच होता आणि बियाजी नावाचा रेडिओवाला, जो दिवसामागून दिवस हाका मारत राहिला. त्यांच्याच मोहिमेच्या मदतीला असलेल्या जहाजाला त्या हाका कळल्या नाहीत. ३ जूनला त्या ऐकल्या रशियातल्या वोझनेसेन्ये-वोख्मा नावाच्या खेड्यातल्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणानं. इथे तू थांबलीस आणि ‘हॅमनं वाचवलं’ असं लिहून मोकळी झालीस. श्मिटनं बर्फावरून कुणालाही उचललेलं नाही. शेवटच्या माणसांना उचललं ते १२ जुलैला, क्रासिन या बर्फफोड्या जहाजानं. दरम्यान शोधायला निघालेला ध्रुवसंशोधक अमुंडसेन विमानासकट नाहीसा झाला होता. श्मिटनं केलं ते इतकंच, की तुटक अक्षरं ऐकली, उतरवून घेतली आणि कळवायला हवं तिथे कळवली. गोष्ट एवढीच सांग. तिला फुगवायची गरज नाही, आणि फुगवली की ज्याला क्रासिन ठाऊक आहे असा वाचक तुला तिथेच पकडेल.

‘मोबाइल असताना हे कशाला?’ हा त्या लेखातला एकच प्रश्न मला प्रामाणिक वाटला. त्याला चिडून उत्तर देऊ नकोस. मोबाइलसुद्धा रेडिओच आहे, पण फक्त हातातल्या फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंत. तिथून पुढे केबल, वीज आणि कुठल्या तरी इमारतीतली यंत्रं. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो. आणि टॉवर उभा असला तरी सगळे एकदम फोन करायला लागले की वाट तुंबते. आपल्या दोन संचांच्या मध्ये मालकीचं असं काहीच नसतं. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधारण वीस मीटर तार, बारा व्होल्टची बॅटरी, एक छोटा संच. तार जमिनीपासून फार उंच नसली तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि आसपासच्या शेकडो किलोमीटरवर पावसासारख्या पडतात. मधल्या डोंगराचा अडथळा उरत नाही. हे मी कितीदा केलं असेल, तरी तार टांगून पहिलं उत्तर आलं की अजून अंगावर काटा येतो. असो.

पण त्याच परिच्छेदात हेही लिही, की आयनांबर लहरी स्वभावाचं आहे. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला शॉर्टवेव्ह काही मिनिटं, कधी काही तास, मुकी होते. रात्री एखादा पट्टा मिटतो, दुसरा उघडतो. आता थेट उपग्रहाशी बोलणारे फोनही आलेत, आणि आज आपण करतो त्यातलं बरंच काम ते उचलतील. उचलू देत. निरोप पोचणं महत्त्वाचं, तो आपण पोचवला का हे नव्हे. हे तू स्वतःहून लिहिलंस तर त्या लेखकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

मग आपलं काय उरतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत हौशी रेडिओची व्याख्या आहे, ती काढून वाच. स्वतःचं प्रशिक्षण, परस्परांशी संपर्क आणि तांत्रिक शोध, हे तिचे तीन हेतू, आणि अट अशी की पैशाचा लाभ नको. जग वाचवणं त्यात कुठेही नाही. आपत्तीसाठी हौशी केंद्रांना तयारी करू द्यावी, अशी शिफारस नियमांत आली ती थेट २००३ मध्ये. म्हणजे सरकारांनी आपल्याला लहरींचा वाटा दिला तो मुळात शिकण्यासाठी. लहरी सगळ्यांच्या मालकीच्या आहेत. त्यांतला एक तुकडा असा असावा, जिथे विकण्यासारखं काही नसलेला माणूसही परीक्षा देऊन, परवाना घेऊन प्रयोग करू शकेल. हे सार्वजनिक हिताचं नसेल तर सार्वजनिक वाचनालयही नाही.

आणि या शिकण्यातून निघालं काय, त्याचा इतिहास तर मजेदारच आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर पिटाळलं गेलं. या लहरी कुचकामी आहेत, अशी तेव्हाच्या जाणत्यांची खात्री होती. ओसाड माळ दिला, म्हणजे कटकट मिटली! डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून बसला आणि त्याला अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या लिओं दलोय या हौशी माणसाशी अमेरिकन हौशी मंडळींचं ११० मीटरच्या आसपास दुतर्फा संभाषण झालं. माळाला पाणी लागलं म्हटल्यावर बड्या कंपन्या कुदळी घेऊन धावल्या, हे सांगायला नकोच.

ग्रोट रीबरनं १९३७ मध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात नऊ मीटरहून मोठी थाळी उभारली आणि आकाशातल्या रेडिओलहरी मोजू लागला. तो हौशी परवानाधारक होता, आणि काही वर्षं तर जगात हे काम करणारा जवळजवळ एकटाच. पहिल्या स्पुटनिक उपग्रहानंतर चारच वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, हौशी लोकांनी बांधलेला ऑस्कर-१ हा उपग्रह अवकाशात गेला आणि मोर्समध्ये ‘हाय’ म्हणत फिरला. हौशीच असलेल्या जो टेलर यांना १९९३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, विषय पल्सार, म्हणजे ठेक्यात रेडिओस्पंद पाठवणारे तारे. कानाला अजिबात न ऐकू येणारे क्षीण संदेश उकलणारी जी प्रणाली तू रोज रात्री लावून बसतेस, ती एफटी-८, स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर २०१७ मध्ये त्यांनीच आणली. त्याच वर्षी २१ ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणात सावली सरकताना आयनांबर कसं बदलतं, ते टिपायला हौशी केंद्रांनी मुद्दाम संपर्कांचा धडाका लावला आणि त्या नोंदी संशोधकांनी वापरल्या. अडगळीत ग्रहणाचा अभ्यास होत असेल तर अडगळ बरी म्हणायची.

ही सगळी उदाहरणं पत्रात कोंबू नकोस. तुझ्या पहिल्या मसुद्यात अकरा आहेत, मी मोजली. एक घे. माझं विचारशील तर पोर्ट ब्लेअर घे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी अंदमानात होती ती दुर्मीळ ठिकाणाहून जगभर संपर्क करण्यासाठी, म्हणजे निव्वळ हौसेसाठी. २६ तारखेला भूकंप झाला, मग त्सुनामी आली, आणि हौसेसाठी उभारलेल्या त्याच अँटेनांवरून बेटांची ख्यालीखुशाली मुख्य भूमीकडे जाऊ लागली. आपत्तीसाठी त्यांना तिथे कुणी धाडलं नव्हतं. यंत्र चालू होतं आणि ते चालवणारा हात सरावलेला होता. हौस आणि उपयोग यांच्यात त्या लेखानं जी भिंत घातली आहे, ती या एका प्रसंगात आपोआप पडते. तुला वेगळं काही म्हणावंही लागणार नाही.

एक बोचणारी गोष्टही सांगते, कारण पत्र छापून आलं की कुणी ना कुणी ती काढेलच. व्यंगचित्र अगदीच हवेतून आलेलं नाही. नवा आवाज आला की खेकसणारे, मोर्स न येणाऱ्याला अर्धा हॅम मानणारे, ‘अरे वा, मुलगी!’ म्हणत आपला सिग्नल रिपोर्ट द्यायलाच विसरणारे लोक आपल्यात आहेत. माझ्या पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘परवाना कुणाचा, यजमानांचा का?’ मी त्यांना माझी कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, हळूहळू, एकेक अक्षर करून सांगितली, तीनदा. तेव्हा आतल्या दोषांवर पांघरूण घालू नकोस. पण त्यांची माफी मागत बसायलाही नको.

आता पत्राचं. एक पान, जास्त नाही. लेखातली एकच चूक निवड आणि ती दुरुस्त कर. मग तुझ्या स्वतःच्या लॉगमधली एक नोंद दे: तारीख, वेळ, पट्टा, किती वॉट, कुणाशी, काय कळलं. पलीकडच्याची कॉल साइन मात्र त्याला विचारल्याशिवाय छापायला देऊ नकोस. शेवटी त्या लेखकाला बोलाव, खवचटपणा न करता. आला तर माझ्यासारखी बडबड करू नकोस. हेडफोन त्याच्या कानावर चढव आणि दहा मिनिटं गप्प राहा. आधी नुसती खरखर ऐकू देत. त्यातून एखादा आवाज वर येईल, विरेल, परत येईल. तो तुझ्याकडे वळून ‘हा कुठून बोलतोय?’ असं विचारेल, तेव्हा नकाशा काढ. मायक्रोफोन त्याच्या हाती देण्याआधी परवान्याच्या अटी पाहून ठेव. नाही तर पुढचा लेख त्यावरच यायचा.

नाही आला, तरी पत्र पाठवच.

नवा मसुदा रविवारच्या नेटआधी मला दाखव. या वेळी नेट कंट्रोल, म्हणजे बैठकीचं सूत्रसंचालन, तू घे. माझा घसा बसलाय, मी फक्त ऐकणार आहे.

७३, म्हणजे शुभेच्छा,
तुझी पलीकडची म्हातारी

ता. क. पहिल्या पानावर ‘इतालिया’च्या अपघाताचं साल तू १९८२ लिहिलंयस. एक नऊ दोन आठ.