हबला लावलेली हार्डडिस्क टिक-टिक करून गायब होते, डिस्क गेली का?

तुमचा प्रश्न असा: २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क चार पोर्टच्या हबला (एका यूएसबी पोर्टचे चार करणाऱ्या डबीला) लावली की दिसते, मोठी फाइल टाकायला घेतली की टिक-टिक करून गायब होते. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, नवी घ्या. खरंच गेली का, आणि हब बदलायचा तर कोणता घ्यायचा?

हब काढून टाका. डिस्क तिच्याच आखूड केबलने सीपीयूच्या मागच्या निळ्या पोर्टला लावा आणि तीच फाइल पुन्हा टाकून बघा. तोवर दुकानदाराला एक रुपया देऊ नका. आणि घरात कुणी ‘कुणाच्या तरी हातून पडली असेल’ म्हणत असेल, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. मी ते वाक्य दोन वर्षं ऐकलंय.

बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग यजमान आणि दीर करतात, अल्बमचं डिझाइन माझ्याकडे. २०१८च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एका लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो एकाच डिस्कवर होते. कार्डं दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला लागणार म्हणून भाऊजींनी सकाळीच फॉरमॅट केली होती. मी नेहमीच्या हबला डिस्क लावली. त्याच हबवर माउस, कीबोर्ड, कार्ड रीडर आणि रीटचिंगचा पेन टॅब्लेट होता, आणि हब स्वतः सीपीयूच्या पुढच्या काळ्या पोर्टमध्ये. तयार फोटो डिस्कवर सेव्ह होत असताना टिक-टिक सुरू झालं आणि डिस्क गायब. पुन्हा लावली तर विंडोज म्हणतंय, आधी फॉरमॅट करा.

भाऊजींनी पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, पडली का तुमच्या हातून?” नाही म्हटलं. “मग टेबलावरून घसरली असेल, तुमच्या लक्षात नसेल.” हे सासूबाईंसमोर, आणि अल्बमचं विचारायला आलेल्या नवरीच्या वडिलांसमोर. पुण्यातल्या एका रिकव्हरीवाल्याने डिस्क न बघता फोनवर १८,००० सांगितले. भाऊजींचं म्हणणं, फॉरमॅट करून बघू, मग सॉफ्टवेअरने काढू. मी डिस्क उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःकडे घेतली.

माझ्या वडिलांचं कऱ्हाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बंद सेट आला की त्यांचा हात आधी मीटरकडे जायचा. सप्लाय मोजल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला पिक्चर ट्यूब गेली असं कधी सांगत नसत. त्या रात्री त्यांना फोन केला. कॉम्प्युटरमधलं त्यांना फार कळत नाही, पण त्यांनी एकच विचारलं, “त्या डिस्कला पाच व्होल्ट पोचतात का गं?”

सगळं तिथेच होतं. यूएसबी २.०चा पोर्ट (बहुधा काळा) ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.०चा (बहुधा निळा) ९००. बिनअॅडॅप्टरचा हब स्वतःची वीज कुठून आणणार? त्या एका पोर्टचा करंट तो सगळ्यांत वाटतो, थोडा स्वतःही खातो. पोर्टेबल डिस्कची मोटर फिरायला लागताना एकटीच अँपिअरच्या आसपास मागते. तेवढा मिळाला नाही की व्होल्टेज खाली बसतं, हेड, म्हणजे डिस्क वाचणारा-लिहिणारा भाग, आपल्या जागी परत जातं, मोटर पुन्हा सुरू व्हायला बघते, पुन्हा व्होल्टेज बसतं. ती टिक-टिक म्हणजे हे. खराब हेडचाही आवाज असाच येतो, म्हणून लोक फसतात. शिवाय सीपीयूच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून बारीक वायर गेलेली असते, तिथेही थोडं व्होल्टेज जातं. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात.

सकाळी डिस्क मागच्या पोर्टला लावली. आवाज बंद. डिस्क उघडली, सगळं जागच्या जागी होतं, फक्त हळदीचा फोल्डर रिकामा. अल्बम छापणाऱ्याकडे मॅक असल्यामुळे डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली होती, आणि लिहिता लिहिता वीज तुटली तर एक्सफॅट विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएसपेक्षा लवकर बिघडतं. मी त्या डिस्कवर काहीही न लिहिता आधी दिसतंय ते सगळं दुसऱ्या डिस्कवर घेतलं, मग फोटोरेक हे गेलेल्या फाइल शोधून काढणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून ठेवलं. ते फुकट मिळतं. फोटो परत आले पण नावं गेली, म्हणून १,९०० फोटो काढल्याच्या वेळेवरून लावत बसले, दोन दिवस. सात फोटो अर्धे राखाडी राहिले. बाकी हळद पूर्ण मिळाली, नवरीच्या आजीचा ओव्या म्हणतानाचा फोटोसुद्धा. अल्बम वेळेत गेला.

तरी घरात ती ‘वहिनींनी पाडलेली डिस्क’च राहिली. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. २०२०मध्ये भाऊजींनी स्वतःसाठी नवी डिस्क आणली, मी सांगूनही त्याच हबला लावली, आणि पहिल्याच कॉपीला टिक-टिक. तोवर मी काही शे रुपयांचा यूएसबी मीटर मागवून ठेवला होता, पोर्ट आणि डिस्कच्या मध्ये लावायचा. हबवर काहीच नसताना ५.० व्होल्ट. डिस्क फिरायला लागली की ४.४. असल्या डिस्कला साधारण ४.७५ ते ५.२५ लागतं. भाऊजी आकडा बघत राहिले, मग त्यांनी स्वतःच हब काढला. चुकलं असं म्हणाले नाहीत. मला ते ऐकायचं होतं, अजूनही आहे.

तर हब घ्यायचाच असेल तर स्वतःच्या अॅडॅप्टरवर चालणारा घ्या. डिस्क लावायची तर ५ व्होल्ट, ३ अँपिअर तरी हवेत, दोन डिस्क असतील तर त्याहून जास्त. हबला अॅडॅप्टरची नुसती पिन दिलेली असते आणि अॅडॅप्टर वेगळा घ्यायला लावतात, तसला घेऊ नका. घरातला राउटरचा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर त्या पिनमध्ये कधीकधी अगदी नीट बसतो आणि ५ व्होल्टच्या हबला लावलात तर हबसकट सगळं जळू शकतं. माउस, कीबोर्ड साध्या हबवर खुशाल ठेवा. वायरलेस माउसचा रिसीव्हर मात्र यूएसबी ३च्या डिस्कशेजारी लावू नका, त्या केबलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो आणि माउस अडखळतो.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. थेट मागच्या पोर्टला, दुसऱ्या केबलने, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही टिक-टिक येत असेल तर डिस्क खरंच जाते आहे. मग लगेच बंद करा, विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं चेकडिस्क चालवू नका, त्या झटापटीत उरलेली जाऊ शकते. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच जा. आणि कॉपी करताना नव्हे तर नुसती पडून असताना गायब होत असेल, तर ते वीज वाचवायच्या सेटिंगमुळे असू शकतं, पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा.

डिस्क चालती झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ०५ आणि सी५ या दोन ओळींतला ‘रॉ’ रकान्यातला आकडा वाचा. शून्य असेल तर पृष्ठभागावर अजून एकही सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, खराब नोंदलेला नाही. माझी ती ‘पडलेली’ डिस्क अजून रोज चालते. गेल्या दिवाळीत भाऊजींना शेजारी बसवून तिच्या दोन्ही ओळी दाखवल्या. दोन्ही शून्य.