कुंपणाशी आलेली विश्वामित्री

प्रश्न : काका, आमची सोसायटी समा भागात, विश्वामित्री नदीला लागून आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात मागची दरड कोसळली आणि नदी कुंपणापासून जेमतेम वीस फुटांवर आली. सभासद म्हणतात, वर्गणी काढून या उन्हाळ्यातच काँक्रीटची भिंत घालू. शिवाय मगरींच्या भीतीने नदीकडची जुनी पायवाट फाटक लावून बंद करायची आहे. शेजारच्या वस्तीतली माणसं त्याच वाटेने काठावरच्या देवीच्या देरीला, म्हणजे छोट्या देवळाला, जातात. काय करावं?
– सोसायटीच्या सेक्रेटरी, बडोदे

उत्तर : ताई, दरड पाणी चढताना कोसळली की ओसरताना, हे जरा आठवून बघा. मला वाटतं, ओसरतानाच. पूर भरलेला असतो तेव्हा पाणीच दरडीला रेटून धरतं. ते झपाट्याने उतरलं की हा टेकू जातो, आणि माती तर आतून भिजून जड झालेली असते. मग ती बसते. तुमच्याकडे पाणी पस्तीस फुटांवर चढून उतरलं होतं, दरडीने तरी काय करावं? भिंत घातलीत तर हेच आतलं पाणी भिंतीला मागून ढकलणार. निचऱ्याची भोकं नसतील तर ती पुढे कलंडेल, आणि पाया नदीने पोखरला तर भोकं असूनही जाईल.

भिंत टिकली तरी माझा जीव शांत होत नाही. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत तिशीत असताना एका ओढ्याच्या वळणावर मी दगडी भिंत बांधून घेतली. भिंत शाबूत राहिली. पण तिच्यावरून वळलेला प्रवाह जिथे भिंत संपत होती तिथे शिरला, आणि दोन पावसाळ्यांत खालच्या शेतकऱ्याची बांधासकट जमीन गेली. तो माणूस मला काही बोलला नाही, नुसता तुटलेल्या कडेला उभा होता. तुमच्या भिंतीच्या खालच्या टोकाला कोण राहतं, ते आधी जाऊन बघा.

माझा सल्ला असा. दरड उभी ठेवू नका, मागे कापून उतार द्या : एक फूट उंचीला निदान दोन फूट आडवे. वीस फुटांत तो बसत नसेल तर कुंपण मागे घ्या. पार्किंगची एक रांग जाईल, जाऊ द्या. दगड भरलेल्या जाळ्या फक्त पायथ्याशी, वर वाळा, बांबू, निर्गुडी, करंज. वाळ्याची मुळं खोल उतरतात आणि माती धरून ठेवतात.

पण हे काम उन्हाळ्यात नाही! मगरी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल याच काठांत बिळं उकरून अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. ठेकेदाराला जेसीबी घालायला सोयीचे तेच महिने. मगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि त्या कायद्याच्या लेखी अंडी फोडणं, घरटं उकरणं हीसुद्धा शिकारच. तेव्हा माती कापायची ती दसऱ्यानंतर, जानेवारी संपायच्या आत, आणि महापालिका व वनखातं या दोघांची लेखी परवानगी हातात आल्यावरच. सोसायटीच्या ठरावावर नदीत हात घालता येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 25 मे 2021 च्या निकालात विश्वामित्रीचं पूरक्षेत्र आखून राखायला सांगितलं आहे. तुमचं कुंपण त्या आखणीच्या आत येतं की बाहेर, हेही अर्जातच विचारा.

आता पायवाट. इथे मी तुमच्या सभासदांच्या विरुद्ध आहे. बियास नदीकाठच्या एका हॉटेलाने स्वतःच्या बचावासाठी नदीचा प्रवाहच वळवला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या आणि काठ सरकारकडे लोकांची ठेव म्हणून असतात. मग तुम्ही त्या वाटेला कुलूप कसं घालणार? वाट उताराच्या माथ्यावरून, पाण्यापासून लांब वळवा. पाण्याच्या बाजूला करवंदीचं दाट कुंपण करा, मराठी-गुजरातीत पाटी लावा, एक दिवा लावा. देरी दरडीच्या अगदी कडेला असेल तर ती मागे घेण्याबद्दल वस्तीतल्या बायकांशी तुम्ही स्वतः जाऊन बोला, नोटीस चिकटवू नका.

आणि उद्याच एक काम करा. काठापासून दहा फुटांवर तीन खुंट्या ठोका आणि दर अमावास्येला काठ किती जवळ आला ते टेपने मोजून वहीत लिहा. दसऱ्याला ती वही घेऊन माझ्याकडे या, मग कुंपण किती मागे घ्यायचं ते जागेवर जाऊन ठरवू.