सेक्शनचा क्रम बदलताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फिल्टर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आयआयआर फिल्टर (आउटपुटचा काही भाग फीडबॅकने पुन्हा आत घेणारा) हा दुसऱ्या ऑर्डरच्या छोट्या सेक्शनची साखळी म्हणून मांडला जातो आणि त्या सेक्शनचा क्रम बदलण्याची सोयही तेथेच दिलेली असते. ही सोय कशासाठी आहे, याविषयीचा एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे सतत येत असल्यामुळे या वेळी सर्व उत्तरे याच विषयावर देत आहे.

प्रश्न : सेक्शनचा क्रम बदलल्याने स्थिर फिल्टर अस्थिर होऊ शकतो का?

उत्तर : केवळ क्रम बदलल्याने नाही; स्थिरता ठरवणारे पोल (डिनॉमिनेटरची मुळे) होते तेथेच राहतात.

प्रश्न : एफआयआर फिल्टरसाठी क्रम बदलण्याचा पर्याय मला दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. एफआयआर फिल्टर, म्हणजे फीडबॅक नसलेला फिल्टर, सहसा एकसंध रचनेत राबवला जातो आणि त्यात क्रम लावण्याजोगे सेक्शन नसतात.

प्रश्न : मी आठव्या ऑर्डरच्या बटरवर्थ लो-पास फिल्टरचे चारही सेक्शन उलट क्रमाने लावले. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सच्या आलेखात तसूभरही फरक पडला नाही. मग क्रमाला महत्त्व आहे, असे का म्हणतात?

उत्तर : आलेख बदलला नाही हे योग्यच आहे, कारण तो सर्व सेक्शनच्या गुणाकाराचा असतो आणि गुणाकाराला क्रमाने फरक पडत नाही. मात्र आलेख तोच राहिला म्हणून काहीच बदलले नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि याच निष्कर्षाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. साखळीच्या आत, एका सेक्शनमधून दुसऱ्यात जाताना सिग्नल किती मोठा होतो आणि राउंडिंगचा (आकडे मर्यादित बिटांत बसवताना होणाऱ्या चुकीचा) किती नॉइज कोठून शिरून कोठवर वाढतो, यांपैकी काहीही त्या आलेखात दिसत नाही.

आपल्याच फिल्टरचे उदाहरण घेऊ. आठव्या ऑर्डरच्या बटरवर्थच्या चार सेक्शनचे क्यू (कटऑफजवळ सेक्शन किती उसळतो त्याचे माप) ०.५१, ०.६०, ०.९० आणि २.५६ असतात. प्रत्येक सेक्शनचा डीसी गेन (शून्य फ्रीक्वेन्सीवर सिग्नल किती पट होतो तो आकडा) १ ठेवला, तर कटऑफ फ्रीक्वेन्सीवर त्या सेक्शनचा गेन त्याच्या क्यूइतकाच असतो. कमी क्यूकडून जास्त क्यूकडे असा क्रम लावला, तर कटऑफवरील एकक आयामाचा सिग्नल एकेका सेक्शननंतर ०.५१, ०.३१, ०.२८ आणि शेवटी ०.७१ असा होतो. उलट क्रमात तोच सिग्नल २.५६, २.३१, १.३९ आणि ०.७१ असा जातो. दोन्हीकडे शेवट ०.७१ वरच होतो, म्हणून आपला आलेख हलला नाही. परंतु दुसऱ्या क्रमात पहिल्या तीनही सेक्शनच्या आउटपुटवर सिग्नल १ च्या पुढे गेलेला आहे आणि १ पर्यंतचेच आकडे मावणाऱ्या १६ बिटांच्या फिक्स्ड पॉइंटमध्ये तेथे ओव्हरफ्लो होईल. इतकेच नव्हे, तर २.५६ क्यूच्या सेक्शनचे शिखर कटऑफच्या किंचित अलीकडे असून तेथे गेन २.६१, म्हणजे सुमारे ८.३ डेसिबल असतो. तो सेक्शन सर्वांत पुढे ठेवायचा, तर इनपुट तेवढ्याच पटीने आधी खाली आणावे लागते आणि जवळजवळ १.४ बिटांची अचूकता सुरुवातीलाच खर्ची पडते.

म्हणजे चढता क्रमच चांगला, असेही लगेच ठरवू नये. जास्त क्यूच्या सेक्शनमध्ये फीडबॅकच्या वाटेने राउंडिंगचा नॉइज कटऑफजवळ फुगतो. असा सेक्शन शेवटी असला, तर त्याचा नॉइज कोणत्याही गाळणीविना थेट बाहेर पडतो आणि आधीच्या तीन सेक्शनचा नॉइजही त्याच्यातूनच वाढून येतो. तो पहिला असला, तर पुढचे तीन सेक्शन कटऑफजवळचा त्याचा नॉइज ०.२८ पट करतात. एका बाजूला ओव्हरफ्लो आणि दुसऱ्या बाजूला नॉइज अशी ही ओढाताण संशोधक एल. बी. जॅक्सन यांनी १९७० मध्येच सविस्तर मांडली होती. तिचा निकाल शब्दलांबी, स्केलिंग आणि प्रत्यक्ष येणारा सिग्नल यांवर ठरतो. म्हणून पहिला सेक्शन, पहिले दोन, पहिले तीन अशा प्रत्येक टप्प्यापर्यंतचा वेगळा आलेख काढावा, फिक्स्ड पॉइंटचे सिम्युलेशन आपल्या खऱ्या सिग्नलवर चालवावे आणि दोन्हींचे निष्कर्ष प्रोसेसरवरचा कोड लिहिणाऱ्या व्यक्तीसमोर ठेवूनच क्रम नक्की करावा.

प्रश्न : माझ्या वरिष्ठांच्या मते नेहमी ‘अप’ हाच पर्याय निवडावा. हे खरे आहे का?

उत्तर : ‘नेहमी’ हा शब्द ऐकीव माहितीतून आलेला आहे. मॅटलॅब या गणन-सॉफ्टवेअरच्या मदत-पानांवर हे स्पष्ट लिहिलेले आहे : ‘अप’ क्रमात एकक वर्तुळाच्या (स्थिरतेच्या सीमेच्या) सर्वांत जवळचे पोल शेवटच्या सेक्शनमध्ये जातात आणि इन्फिनिटी-नॉर्म स्केलिंगबरोबर (फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सच्या शिखरावरून सिग्नलची पातळी बेतणे) हा क्रम ओव्हरफ्लोची शक्यता कमी करतो, ‘डाउन’ क्रम टू-नॉर्म स्केलिंगबरोबर (रिस्पॉन्सच्या ऊर्जेवरून पातळी बेतणे) राउंडिंग नॉइजचे शिखर कमी करतो. स्केलिंगचा उल्लेख न करता क्रमाचा सल्ला देणे अपुरे आहे. शिवाय इन्फिनिटी-नॉर्मची हमी स्थिरावलेल्या साइन सिग्नलपुरतीच असते. कोणत्याही इनपुटवर ओव्हरफ्लो होणार नाही अशी खात्री हवी असेल, तर इम्पल्स रिस्पॉन्सच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज, म्हणजे एल-वन नॉर्म वापरावा लागतो आणि त्यासाठी सिग्नलची पातळी आणखी खाली आणावी लागते. हा व्यवहार परवडतो की नाही, ते वरिष्ठांबरोबर बसून आकड्यांवर ठरवा.

प्रश्न : ‘कस्टम’ पर्यायात मी फक्त डिनॉमिनेटरचा क्रम बदलला, न्यूमरेटर आणि स्केल व्हॅल्यू तशाच ठेवल्या. हे चालेल का?

उत्तर : एकूण फिल्टर तोच राहील, पण आपण क्रमाबरोबर जोड्याही बदलल्या आहेत : कोणता पोल कोणत्या झिरोसोबत (न्यूमरेटरच्या मुळासोबत) बसतो, तेच बदलले. चार सेक्शनच्या फिल्टरमध्ये जोड्या २४ प्रकारे आणि क्रम २४ प्रकारे लावता येत असल्याने एकूण ५७६ रचना होतात. बटरवर्थ लो-पासमध्ये सर्व झिरो एकाच ठिकाणी असतात, त्यामुळे तेथे जोडीला अर्थ नसतो. एलिप्टिक फिल्टरमध्ये मात्र चुकीच्या जोडीमुळे एखाद्या सेक्शनचा गेन भलताच उंच जातो. एकक वर्तुळाच्या सर्वांत जवळच्या पोलला त्याच्या सर्वांत जवळचा झिरो द्यावा आणि मग उरलेल्यांकडे वळावे, हा नियम बहुतेक वेळा पुरेसा असतो. जुन्या स्केल व्हॅल्यू जुन्या रचनेसाठी काढलेल्या होत्या, त्यामुळे स्केलिंग पुन्हा करणे अनिवार्य आहे. हाताने लावलेला क्रम वापरण्यापूर्वी तो अनुभवी सहकाऱ्याकडून तपासून घ्यावा.

प्रश्न : संगणकावर डबल प्रिसिजनमध्येच फिल्टर चालवायचा असेल, तर क्रमाची चिंता करावी का?

उत्तर : सहसा नाही.

प्रश्न : सायपायमधून (पायथनच्या गणन-लायब्ररीतून) मिळालेले सेक्शन १६ बिटांत बदलले, तर आउटपुट पूर्ण शून्य येते. क्रम चुकला असेल का?

उत्तर : क्रम नव्हे, गेनची वाटणी चुकली असण्याची शक्यता फार मोठी आहे. सायपाय फिल्टरचा संपूर्ण गेन पहिल्याच सेक्शनच्या न्यूमरेटरमध्ये घालते. कटऑफ सॅम्पलिंग रेटच्या विसाव्या भागाइतका असलेल्या आठव्या ऑर्डरच्या बटरवर्थमध्ये हा गेन सुमारे ०.००००००२ असतो, तर क्यू-१५ या १६ बिटांच्या अंक-मांडणीतील (वरच्या क्यूशी हिचा संबंध नाही) सर्वांत लहान पायरी सुमारे ०.००००३ असते. साहजिकच पहिल्या सेक्शनचे तीनही न्यूमरेटर कोइफिशंट शून्य होतात आणि पुढे कोणताही क्रम लावला, तरी आउटपुट शून्यच राहते. गेन सर्व सेक्शनमध्ये वाटा, मगच १६ बिटांत आणा. इतक्या खालच्या कटऑफला १६ बिट पुरतात का, हेही जाणकाराला विचारा.

प्रश्न : सेक्शन मायक्रोकंट्रोलरवर चढवल्यावर आउटपुट वाढतच जाते. क्रम उलटा करून पाहू का?

उत्तर : नको. आधी चिन्हे पाहा. सीएमएसआयएस-डीएसपी या एआरएम प्रोसेसरांच्या लायब्ररीतील बायक्वाड (दुसऱ्या ऑर्डरच्या सेक्शनच्या) फंक्शनमध्ये फीडबॅकचे कोइफिशंट मॅटलॅबच्या उलट चिन्हाने द्यावे लागतात आणि डिनॉमिनेटरचा पहिला १ गाळून प्रत्येक सेक्शनचे पाचच आकडे ठेवले जातात. वापरत असलेल्या फंक्शनची माहिती मूळ दस्तऐवजातून वाचा, कारण क्यू-१५ च्या प्रकारात मांडणी थोडी निराळी आहे.

प्रश्न : माझ्याकडे फिल्टरचे एकत्रित न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर आहेत. त्यांचे सेक्शन पाडून क्रम लावला तर काम होईल ना?

उत्तर : ऑर्डर लहान असेल आणि आकडे पूर्ण अचूकतेने दिलेले असतील तर होईल, चार-पाच दशांशांपर्यंत छापलेले मोठ्या ऑर्डरचे आकडे असतील तर भरवसा ठेवू नका. १ ते २० ही मुळे असलेल्या बहुपदीत एकोणिसाव्या घाताचा −२१० हा सहगुणक केवळ २ च्या उणे तेविसाव्या घाताइतका बदलला, तरी दहा मुळे वास्तव राहत नाहीत, हे गणितज्ञ विल्किन्सन यांनी दाखवून दिले. अरुंद बँडच्या फिल्टरचे पोल असेच दाटीवाटीने बसलेले असतात. ज्याने फिल्टर बनवला, त्याच्याकडून मूळ पोल, झिरो आणि गेन मागून घ्या.

प्रश्न : एक विक्रेता ‘सर्वोत्तम क्रम आपोआप, चाचणीची गरज नाही’ असे सांगून जोड-सॉफ्टवेअर विकत आहे. घ्यावे का?

उत्तर : ५७६ रचना तपासणे आजच्या संगणकाला अगदी सोपे आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. सर्वोत्तम म्हणजे कोणत्या नॉर्मने, किती बिटांवर आणि कोणत्या इनपुटसाठी, हे विक्रेत्याला लेखी विचारा. चाचणीची गरज नाही असे सांगणाऱ्याकडून फिल्टरचे कोणतेही साधन घेऊ नये.

प्रश्न : आमच्या यंत्रात मोठ्या सिग्नलला मधूनच खटका ऐकू येतो. यंत्र लवकरच वितरित करायचे आहे. क्रम नंतरच्या अपडेटमध्ये सुधारला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मोठ्या सिग्नललाच येणारा खटका हे आतल्या टप्प्यावरील ओव्हरफ्लोचे लक्षण असू शकते, आणि सॅच्युरेशन (आकडा कमाल मूल्यावरच रोखून धरणे) चालू नसेल, तर फीडबॅक असलेल्या सेक्शनमध्ये एकदा सुरू झालेले ओव्हरफ्लोचे आंदोलन इनपुट बंद केल्यावरही टिकून राहू शकते. प्रत्येक सेक्शनच्या आउटपुटवरील कमाल मूल्य आजच नोंदवा. काही ओळींच्या कोडचे हे काम पुढे ढकलण्याचे कारण नाही. ओव्हरफ्लो सापडला, तर स्केलिंग आणि क्रम एकत्र बदलून तोच सिग्नल पुन्हा चालवा. यंत्र वैद्यकीय असेल किंवा मोटर नियंत्रित करत असेल, तर फिक्स्ड पॉइंट अंकगणित जाणणाऱ्या तज्ज्ञाने संपूर्ण साखळी तपासून लेखी संमती देईपर्यंत वितरण थांबवा.