करार झाला, म्हणजे जमिनीचा हक्क मिळाला का?

प्रश्न : व्हँकुव्हरच्या २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये लिलवाट, मस्क्वीयम, स्क्वामिश आणि स्लेवाटूथ ही चार मूलनिवासी राष्ट्रे (कॅनडात मूळ रहिवाशांच्या समाजांना असे म्हणतात) अधिकृत यजमान होती. तरीही ‘चोरलेल्या जमिनीवर ऑलिम्पिक नको’ म्हणत मूलनिवासी रस्त्यावर का उतरले?

उत्तर : यजमानपद वेगळे, जमिनीवरचा हक्क वेगळा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या बहुतेक जमिनीबद्दल मूलनिवासींशी कधी तहच झाला नाही. जुने तह आहेत ते व्हँकुव्हर बेटावरचे, १८५० ते १८५४ मधले १४, आणि ईशान्य कोपऱ्यातला १८९९ चा. व्हँकुव्हर शहर आणि स्कीइंगचे व्हिसलर या तहांच्या बाहेरच राहिले. जमीन कोणी विकली नव्हती, सोडूनही दिली नव्हती.

या दोन गावांमधला महामार्ग स्पर्धेसाठी रुंद करायचा होता. त्यासाठी ईगलरिज ब्लफ्सची टेकडी फोडू नये म्हणून मे २००६ मध्ये लोक तिथे ठाण मांडून बसले. अटक झालेल्यांत मूलनिवासी कार्यकर्त्या हॅरिएट नाहानी होत्या. जानेवारी २००७ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना १४ दिवसांची कैद झाली, तेव्हा त्यांचे वय ७१ होते. सुटकेनंतर न्यूमोनियाने २४ फेब्रुवारीला त्या गेल्या. ही शिक्षा टाळता आली असती, असेच आम्हाला वाटते.

प्रश्न : मग हक्क न्यायालयातच का सिद्ध करत नाहीत?

उत्तर : करता येतो, पण वेळ लागतो. १८४६ साली, म्हणजे ब्रिटिश सार्वभौमत्व आले तेव्हा, ती जमीन आपल्याच ताब्यात होती आणि इतरांना तिथून दूर ठेवण्याची ताकद आपल्यात होती, हे दाखवावे लागते. डेलगामूक खटल्यात १९९७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मौखिक परंपरेलाही पुरावा म्हणून वजन दिले. हैदा या मूलनिवासी राष्ट्राच्या खटल्यातल्या २००४ च्या निकालाने हक्क सिद्ध होण्याआधीच सल्लामसलत करणे सरकारवर बंधनकारक केले. दावा जितका भक्कम आणि नुकसान जितके मोठे, तितकी ती सखोल हवी. नकाराधिकार मात्र त्यात नाही.

घोडे अडते ते तारखेवर. एखाद्या मूलनिवासी राष्ट्राला प्रत्यक्ष भूभागावर हक्क बहाल करणारा पहिला निकाल आला २०१४ मध्ये, चिलकोटिनांच्या बाजूने. त्या वादाचे मूळ १९८३ च्या लाकूडतोडीच्या परवान्यात होते. स्पर्धेची तारीख इतकी थांबत नाही. म्हणून बोलणी शहराला यजमानपद मिळण्याआधीच करावी लागतात. स्क्वामिश आणि लिलवाट यांनी नोव्हेंबर २००२ मध्येच करार केला. व्हँकुव्हरची निवड झाली जुलै २००३ मध्ये. त्या करारातून ३०० एकर जमीन आणि व्हिसलरच्या सांस्कृतिक केंद्रासाठी मदत पदरात पडली.

पण कागद नीट वाचावा. ही ३०० एकर सरकारने दिलेल्या साध्या मालकीची आहे, बाजारात विकता येणारी. मूळ हक्काची जमीन सरकारशिवाय कोणालाही विकता येत नाही आणि पुढच्या पिढ्यांना वापरता येणार नाही अशी वापरून टाकता येत नाही. त्या मूळ हक्काच्या दाव्याचे काय, हे प्रत्येक करारात स्वतंत्र कलमात लिहून घ्यावे.