चार गाड्यांच्या मालकाकडे पहिली नोकरी धरावी का?

प्रश्न : मी अंबड तालुक्यातील असून माझे वय २३ आहे. दोन वर्षे पिकअप चालवल्यानंतर यंदा अवजड वाहनाचे लायसन्स काढले. वाळूजच्या दोन मोठ्या वाहतूक कंपन्यांत चौकशी केली, तेव्हा अवजड वाहनावरचा किमान दोन वर्षांचा अनुभव मागितला गेला. जालन्यातील एका मालकाच्या चार दहाटायर गाड्या आहेत आणि त्या औद्योगिक वसाहतीतून सळई भरून पुणे, नाशिक व हैदराबादकडे जातात. तो मला महिना १५ हजार रुपये पगार, फेरीमागे १५०० रुपये भत्ता आणि सुरुवातीलाच ३० हजार रुपये उचल द्यायला तयार आहे. वडिलांचे म्हणणे असे की, लहान मालकाचा भरवसा नसतो. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या वडिलांची काळजी योग्य आहे, मात्र मालक लहान आहे हे नोकरी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. मोठ्या कंपन्या नवख्या चालकाला दारात उभे करत नाहीत आणि अनुभव तर कुठेतरी मिळवावाच लागतो, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक चालकांची सुरुवात दोन-चार गाड्यांच्या मालकाकडेच होते. अशा मालकाकडे चांगल्या गोष्टीही असतात. तो गाडी स्वतः ओळखतो, चालकाला नावाने ओळखतो, घरी अडचण आली तर फोन उचलतो. पाहायचे आहे ते वेगळेच. या धंद्यात तुमची एकमेव मिळकत म्हणजे तुमचे लायसन्स. मालकाचा तोटा भरून काढण्यासाठी ते पणाला लागते की नाही, या एकाच कसोटीवर त्या माणसाची परीक्षा करा. बाकीचे प्रश्न आपोआप त्याच्या मागे येतात.

पहिली परीक्षा मालाच्या वजनाची. दहाटायर, म्हणजे तीन आसांच्या गाडीला, गाडीचे स्वतःचे वजन धरून एकूण २८.५ टनांची मर्यादा आहे. ही मर्यादा २०१८ साली वाढवलेली आहे, त्यामुळे ‘पूर्वी पासिंग (मंजूर भार) कमी होते, म्हणून जास्त भरावे लागायचे’ ही सबबही आता उरलेली नाही. सळईचा भार डोळ्यांना दिसत नाही, हे पिकअपवर भाजीपाला किंवा सरकीची पोती वाहिलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. हौद्याचा तळ जेमतेम झाकला गेलेला असतो, वरून गाडी रिकामी वाटते आणि वजनकाट्यावर मात्र ती मर्यादेच्या पुढे गेलेली असते. म्हणून काटा पावती स्वतः वाचल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये असा दंड लिहिलेला आहे. तो लादायला लावणाऱ्याइतकाच चालवणाऱ्यालाही लागू होतो आणि या कारणावरून चालकाचे लायसन्स निलंबितही होऊ शकते. सळया हौद्याच्या मागे बाहेर काढून नेणेही नियमात बसत नाही. शिवाय दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तुमचा जीव. नीट न बांधलेल्या सळया जोराचा ब्रेक लागताच पुढे सरकतात आणि पुढे असते ती केबिन. मालकाला सरळ विचारा की, काट्यावर वजन जास्त भरले तर माल उतरवण्याचा अधिकार चालकाला आहे का. या प्रश्नावर तो चिडला किंवा ‘सगळेच भरतात, आपली सेटिंग आहे’ असे म्हणाला, तर तिथेच नमस्कार करून उठा. सेटिंग मालकाची असते, पण रस्त्यावर थांबवला जातो तो चालक.

आता उचलीबद्दल. पत्रातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. मराठवाड्यात उचल म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे अख्खे हंगाम त्या एका रकमेभोवती कसे फिरतात, ते तुम्ही आपल्या गावात पाहिलेच असेल. काम सुरू होण्याआधी ३० हजार रुपये हातात पडले की, त्यानंतर ‘वजन जास्त आहे, मी नेणार नाही’ किंवा ‘रात्रभर जागलो आहे, आता झोपतो’ असे म्हणण्याचा तुमचा आवाज बसतो, कारण समोरचा लगेच ‘मग आधी पैसे टाक’ असे म्हणू शकतो. मालक देतो आहे म्हणून तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. चालक टिकत नाहीत, म्हणून अनेक मालक याच मार्गाने माणूस बांधून ठेवतात. परंतु तुमच्यासाठी पहिले सहा महिने पाय मोकळा असणे हे कोणत्याही रकमेपेक्षा मोलाचे आहे. घरात निकडच असेल, तर एका पगारापेक्षा जास्त उचल घेऊ नका, ती किती महिन्यांत कशी फिटणार हे दोघांच्या सहीने वहीत लिहून घ्या, आणि तिच्या बदल्यात कोरा धनादेश, कोऱ्या कागदावरची सही किंवा मूळ लायसन्स यांपैकी काहीही देऊ नका.

पगाराचा विचार करताना लहान मालकाकडे पैसा कसा येतो, ते समजून घ्या. चार गाड्यांचा मालक बहुधा थेट कारखान्याचा ठेकेदार नसतो. तो मोठ्या ट्रान्सपोर्टकडून भाडे घेतो. भाड्याचा काही भाग गाडी भरताना मिळतो आणि उरलेला पोच, म्हणजे माल मिळाल्याची पावती, परत आल्यावर, तोही कित्येकदा महिना-दोन महिन्यांनी. दरम्यान गाडीचा हप्ता, डिझेल आणि टोल थांबत नाहीत. परतीचे भाडे मिळाले नाही, तर त्या फेरीत हातात फारसे काही उरत नाही. त्यामुळे पगार चार-आठ दिवस मागेपुढे होणे समजण्यासारखे आहे; दोन महिने पगार अडकणे मात्र गाडीचे हप्ते थकल्याचे लक्षण असू शकते, आणि अशी गाडी फायनान्सवाल्यांनी रस्त्यात अडवली, तर परमुलखात अडकून पडणारे तुम्ही असता. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, माल मिळाल्याची सही-शिक्का झालेली पोच जिवापाड जपा. ती हरवली तर मालकाचे उरलेले भाडे अडते आणि राग तुमच्यावर निघतो.

भत्त्यात काय धरले आहे, हे आधी उलगडून घ्या. जेवण, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), पंक्चर, ताडपत्री-दोरीचा खर्च, वाटेत रात्री उभे राहण्याचे पैसे, यांतले कोणते भत्त्यातून जायचे आणि कोणते मालक वेगळे देणार? ‘फेरीमागे १५००’ हा आकडा त्यावर बरा किंवा अगदीच अपुरा ठरतो. डिझेलचा अॅव्हरेज ठरवून देऊन त्याहून जास्त जाळलेले तेल पगारातून कापण्याची पद्धत सर्रास आहे. भरल्या दहाटायरवर नवख्या हाताला जुन्या चालकाचा अॅव्हरेज लगेच येत नाही, म्हणून पहिले तीन महिने ही कपात करायची नाही, एवढे मान्य करून घ्या. ई-चलानबाबतही रेघ स्पष्ट असावी : वेग, सिग्नल, मोबाईल यांची चलाने तुमची, जादा भार, विमा, फिटनेस आणि गाडीचे परमिट यांची मालकाची.

वेळेबाबत कायदा काय सांगत आला आहे, ते माहीत असू द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी श्रम संहिता येईपर्यंत लागू असलेल्या १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी ती १० आणि ५४ तासांपर्यंत वाढवण्याची मोकळीक ठेवली, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. प्रत्यक्षात रस्त्यावर हे कितपत पाळले जाते, ते आपण सारे जाणतो. तरीही तुमच्या मनातली रेघ इथेच असावी. ‘ई-वे बिलाची मुदत संपेल, गाडी थांबवू नको’ असे तुम्हाला सांगितले जाईल. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागद; त्याला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे जालना ते पुणे या अंतराला दोन दिवस. आणि अडचण आलीच तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. मग डोळ्यांत झोप घेऊन अहिल्यानगरच्या पुढे रेटण्याचे कारण कागदांत नसते, ते फक्त पुढच्या भाड्याच्या घाईत असते. जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर जास्त सांभाळा : नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे, पण सरळसोट मोकळ्या रस्त्यावर डोळा कधी लागतो ते कळतही नाही.

होकार देण्यापूर्वी गाडी उभी असताना दिवसाउजेडी जाऊन पाहा. पुढच्या दोन चाकांना रबर चढवलेले टायर असतील, तर ते बदलल्याशिवाय गाडी घेणार नाही असे सांगा, कारण पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. ब्रेकची हवा भरायला किती वेळ लागतो, इंजिन बंद केल्यावर ती उतरते का, हे तिथेच उभे राहून बघा. गाडीचा क्रमांक एम-परिवहन अॅपवर टाकलात, तर विमा, फिटनेस आणि पीयूसीची मुदत घरबसल्या कळते. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी काढावे लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, परंतु लहान मालकाकडे बहुधा जुनीच गाडी मिळते. म्हणून निदान पंखा, झोपण्याची सपाट जागा आणि पाण्याचा कॅन ठेवण्याची सोय तरी आहे ना, ते बघा. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या दुपारी ही चैन नव्हे.

भविष्य निर्वाह निधी २० कामगारांपासून आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) १० कामगारांपासून लागू होतो, तेव्हा इथे त्यांची आशा धरू नका. गाडीच्या विम्याची प्रत मात्र मागून घ्या आणि तिच्यात पगारी चालकाची जबाबदारी धरली आहे का, ते वाचा. स्वतःच्या बँक खात्यावरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही घ्या. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

सर्वांत खरी माहिती मालकाच्या कार्यालयात मिळत नाही. वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर, भरण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या त्याच्याच दुसऱ्या गाडीच्या चालकाजवळ बसा. तो किती वर्षे टिकला आहे, आधीचा चालक का सोडून गेला, जाताना त्याचा हिशेब पूर्ण झाला का, आणि मागे अपघात झाला तेव्हा मालक पोलीस ठाण्यात आला होता का, एवढे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, रात्रीच आला’ असे मिळाले, तर पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी मी तुम्हाला ही नोकरी धरा असेच सांगेन. त्यात एकच अट घाला : पहिला महिना त्याच जुन्या चालकाच्या शेजारी बसून, घाटात त्याच्या देखरेखीखाली गाडी हातात घेऊन शिकायचे. कसारा किंवा मांजरसुंब्याचा उतार भरल्या गाडीने, ब्रेकवर न विसंबता, खालच्या गिअरमध्ये कसा उतरायचा, हे पिकअपवर शिकता येत नाही. जो मालक पहिल्याच दिवशी तुम्हाला एकट्याला, क्लीनरशिवाय, भरल्या सळईनिशी नाशिकमार्गे मुंबईला पाठवायला निघाला, त्याला स्वतःच्या गाडीचीही किंमत कळलेली नाही.

प्रश्न : अहमदपूरजवळच्या एका मालकाने माझ्या मुलाचे मूळ लायसन्स ‘तू पळून जाशील’ असे म्हणून कपाटात ठेवून घेतले आहे. मुलगा त्याच्याकडे सोयाबीनच्या गाडीवर आहे. गाडी अडवली तर काय दाखवायचे?

उत्तर : ताई, लायसन्स हा शासनाने तुमच्या मुलाला दिलेला दस्तऐवज आहे आणि तो अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. तपासणीत डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील लायसन्स चालते, त्यामुळे आजच्या आज ते मुलाच्या मोबाईलमध्ये घ्यायला सांगा. ‘हरवले’ असे खोटे लिहून दुसरी प्रत मात्र काढू नका. उद्या मूळ प्रत मालकाकडे सापडली, तर खोटे लिहून दिल्याचे बालंट मुलावरच येईल. गावातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत घेऊन मालकाकडे जा आणि लायसन्स परत मागा. उचल बाकी असेल तर तिचा हिशेब त्याच बैठकीत लिहून घ्या, म्हणजे अडवण्याचे निमित्त राहणार नाही. तरीही त्याने दिले नाही, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या. तोपर्यंत मुलाने त्या मालकाची नवी फेरी भरू नये.