खारपाणपट्ट्यातला रीफ टँक : वाचकांचे प्रश्न

ऊन तापायला लागलं की रीफ टँकवाल्यांचे, म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ आणि मासे पाळणाऱ्यांचे, प्रश्न वाढतात. या वेळचे प्रश्न सगळे आपल्याच विदर्भातले आहेत. मुंबई-पुण्याकडच्या सल्ल्यांनी ते सुटत नाहीत, कारण तिथलं पाणी वेगळं आणि हवाही वेगळी.

प्रश्न : आमच्या दर्यापूर तालुक्यात बोअरचं पाणी मुळातच खारं आहे. त्यातच मीठ वाढवून प्रवाळांचा टँक करता येईल का? टँकचं विकतचं मीठ फार महाग पडतं. (दर्यापूर, जि. अमरावती)

नाही. पूर्णेच्या खोऱ्यातून, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या खारपाणपट्ट्यातून, हे बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं. लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००च्या आसपास. प्रवाळ आपला सांगाडा त्या कॅल्शियममधूनच बांधतो. खारपाणपट्ट्यातलं पाणी तोंडाला खारट लागतं खरं, पण त्यात सोडियमचे बायकार्बोनेट, क्लोराईड, सल्फेट असे क्षार असतात आणि त्यांचा मेळ विहिरीगणिक बदलतो. वर शेतातून झिरपलेलं नायट्रेट, म्हणजे टँकमध्ये प्रवाळाआधी शेवाळाचंच पीक. मीठ टाकून खारटपणा जुळवाल, बाकी काहीच जुळणार नाही. खडेमीठ आणि स्वयंपाकाचं मीठही चालत नाही.

म्हणून पाणी आधी शून्यावर आणायचं आणि मग त्यात रीफचं मीठ घालायचं. शून्य म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर खरोखर शून्य. घरच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह किंवा मिनरलचं काडतूस असतं, ते काढायला लावा. तरीही तुमच्याकडच्या पाण्याला एकटा आरओ पुरणार नाही. दोन हजार टीडीएसचं पाणी चांगल्या मेंब्रेनमधूनही पन्नासेक टीडीएस घेऊन बाहेर येतं. पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिनचं काडतूस लावावंच लागेल. गावात मिळणाऱ्या थंड पाण्याच्या जारचंही तेच : मीटर लावून बघा आणि डीआयमधून काढा. पावसाळ्यात कौलांवरचं पाणी धरता आलं तर सोनंच, मात्र पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्या आणि ते पाणीही डीआयमधून काढा. टिनाच्या छपराचं पाणी घेऊ नका, त्यात जस्त उतरतं.

राहिला खर्च. २०० लिटरच्या टँकला पहिल्यांदा साडेसात किलोच्या आसपास मीठ लागतं. पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर दर वेळी पाऊण किलो. हा खर्च झेपत नसेल तर गोड्या पाण्याचे मासे पाळा, तेही सुंदर असतात.

प्रश्न : भाऊ, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि लाईन कधी जाईल सांगता येत नाही. चिलर (टँकचं पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावाच लागेल का? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

टँकचं पाणी २५ ते २७ अंशांवर असलेलं बरं. ३० ओलांडून ते तसंच राहिलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, हा मोठा फायदा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा साधा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. पण त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावलात तर हवा दमट होते आणि पंख्याची निम्मी ताकद जाते. कूलर माणसांच्या खोलीत, पंखा टँकच्या खोलीत. खोलीही उत्तरेकडची, जाड भिंतींची, वर स्लॅब तापत नसेल अशी. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी सहा ते मध्यरात्र चालवा. प्रवाळाला दिवस कधी आहे याने फरक पडत नाही, रोज त्याच वेळी असला म्हणजे झालं. पंख्याने रोज काही लिटर पाणी उडतं, मीठ मात्र टँकमध्येच राहतं. त्यामुळे भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची कधीच नाही. घनता १.०२५ ते १.०२६ राखा.

एवढं करूनही प्रवाळांच्या टँकला ब्रह्मपुरीत चिलरशिवाय मे महिना निभावेल असं मला वाटत नाही. घेतलात तर तो व्हरांड्यात ठेवा, कारण तो टँकमधली उष्णता खोलीतच ओकतो. जुलैत हवा दमट झाल्यावर पंखा निकामी होतो, तेव्हाही तोच कामी येईल.

लाईन गेल्यावर आधी पाण्याची हालचाल चालू राहिली पाहिजे. बॅटरीवर चालणारा, पाणी हलतं ठेवणारा डीसी वेव्हमेकर हा सगळ्यात उपयोगी खर्च, तो नसेल तर निदान बॅटरीचा एअरपंप. दिव्यांना इन्व्हर्टर देऊ नका. कॅनिस्टर (बंद डब्यातला) फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर आतलं कुजकं पाणी फेकूनच चालू करा.

प्रश्न : मासे ठणठणीत आहेत, पण कोळंबी आणि गोगलगाई एकामागून एक मरतात. अमोनिया, नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) शून्य. (वरुड, जि. अमरावती)

तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, की मिठाचं पाणी बागेतल्या जुन्या ड्रममध्ये कालवता. संत्र्याच्या बागेतला ड्रम म्हणजे बोर्डो मिश्रण, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबं. मासा जितकं तांबं पचवतो त्याच्या कितीतरी कमी तांब्यात कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मरतात. मासे जिवंत आणि बिनकण्याचे मेले, की पहिला संशय तांब्यावरच घ्यावा. ड्रम कितीही घासला तरी परत वापरू नका. तांबं शोषणारं फिल्टर-माध्यम आणि कार्बन लावा, पाणी बदलत राहा. दगड आणि वाळूत मुरलेलं तांबं मात्र हळूहळू सुटत राहील, फारच मुरलं असेल तर ते बदलावे लागतील. फवारणीचे कपडे घालून टँकमध्ये हात घालू नका. डासांची धूर-फवारणी असेल तेव्हा टँक झाका आणि एअरपंप बंद ठेवा, तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

प्रश्न : टँक भरून दहा दिवस झाले, पाणी काचेसारखं आहे. क्लाउनफिश आणू का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

थांबा. पाणी स्वच्छ दिसण्याचा अमोनियाशी संबंध नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की एक जोडी आणा आणि पैदास केंद्रातलीच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे, समुद्रातून धरलेला मासा घ्यायचं कारण उरलेलं नाही.

प्रश्न : भाचा मालवणला नोकरीला आहे. तो प्रवाळाचे तुकडे आणून देतो म्हणतो. (आर्वी, जि. वर्धा)

आणू देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही त्यात येतो. भाच्याची नोकरी जाऊ शकते. दुकानदार दगडी प्रवाळ किंवा समुद्रघोडा देऊ करत असेल, तर त्यालाही नाही म्हणा.

प्रश्न : दगडावर तपकिरी बटणासारखे जीव फार माजलेत. दगड उकळून काढला तर? (उमरेड, जि. नागपूर)

अजिबात उकळू नका. ते पॅलिथोआ, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले जीव, असण्याची शक्यता आहे आणि त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. त्यावर उतारा नाही. उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं आणि आख्खं कुटुंब दवाखान्यात जातं. कोरड्या ब्रशने घासूही नका. हातमोजे आणि चष्मा घालून त्या जिवांवर रीफची इपॉक्सी पुटी दाबून बसवा, किंवा दगड ओलाच जाड पिशवीत बांधून टाकून द्या. हाताळल्यावर ताप, खोकला, धाप किंवा स्नायूदुखी सुरू झाली तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिनचं नाव सांगा.