वडील नाहीत, तर कन्यादानाला आई बसली तर चालतं का?

चालतं. मुहूर्त काढायला जाल तेव्हाच गुरुजींना सांगून ठेवा, म्हणजे ऐन मांडवात कुजबुज नको.

माझं लग्न 2009 साली सांगलीत झालं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. थोरल्या काकांनी परस्पर ठरवलं, पुण्याहवाचनाला आणि कन्यादानाला काका-काकू बसणार. घाणा भरायला पाच सवाष्णी बोलावल्या, त्यात आई नाही. हळकुंडं तिनेच आणून निवडून ठेवलेली, पण मला हळद लावायला ती नव्हती. मंगलाष्टकं चालू असताना ती कोठीच्या खोलीत नारळ मोजत होती. "शास्त्र आहे," काका म्हणाले. मी गप्प बसले. ते अजून सलतं.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा मी याज्ञवल्क्यस्मृती त्यांच्यापुढे ठेवली. कन्या कोणी द्यावी त्याचा क्रम आचाराध्यायात आहे: वडील, आजोबा, भाऊ, सकुल्य (म्हणजे कुळातला नातेवाईक) आणि आई. आधीचा नसेल तर पुढचा. म्हणजे वडील गेल्यावरच आईची पाळी येते, विधवा आईच तिथे धरलेली आहे! काका म्हणाले, "सकुल्य आधी, म्हणजे मी आधी." यावर धाकटीने सांगितलं, मग कन्यादानच नको, नुसती सप्तपदी करू. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं, कन्यादानाचा त्या कलमात उल्लेखसुद्धा नाही. काका उठून गेले. लग्नाला आले, पहिल्या रांगेत बसले, बोलले नाहीत.

आई बसली. खाली काशाचं ताट, धाकटीचा हात तिच्या हातात, आणि एरवी आई धरते ती पाण्याची धार मामाने धरली. कुणाचं काही वाईट झालं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी काकांना पाठवली. उत्तर आलं नाही.

तुमच्या घरी कोणी "शास्त्र" म्हणालं तर कुठलं, ते विचारा. मुलाकडच्यांना बैठकीतच सांगा. आणि हो, आधी आईला विचारा, चारचौघांत नाही, एकटीला. माझ्या आईने दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हणाली, "साडी कुठली नेसू?"